कोहळ्याची तारीख लिहून ठेवा

दसरा-पाडव्याला पूजा करून घरी आणलेले लॅपटॉप कार्तिकी उलटली की माझ्या टेबलावर यायला लागतात. खरोखर बिघडलेला त्यातला एखादाच. बाकीच्यांत फुकट चाखायला दिलेल्या सॉफ्टवेअरचं तीस दिवसांचं माहेरपण संपलेलं असतं. साताऱ्यात आधी एमएस-सीआयटीचे वर्ग घेतले, मग दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि दरवर्षी या दिवसांत मी तेच बोलते. या वेळी पत्रंही बहुतेक त्याचीच आली आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात.

ताई, नातवाने पुण्याहून नवा लॅपटॉप पाठवला. महिनाभर सुरळीत होतं. आता रोज उजव्या कोपऱ्यात तांबडी पट्टी येते, ‘तुमचं संरक्षण संपलं आहे.’ पहिल्या वर्षाला ८९९ रुपये भरा म्हणते. बँकेचं काम मी लॅपटॉपवरच करते, त्यामुळे जीव घाबरतो. पैसे भरू का?
*– निवृत्त शिक्षिका, वाई*

बाई, भरू नका. निदान घाबरून तरी भरू नका.

ती पट्टी दाखवणारा अँटिव्हायरस, म्हणजे व्हायरस अडवणारा प्रोग्रॅम, तुमच्या काळजीपोटी कोणी आत ठेवलेला नाही. एसटी स्टँडवर गाळा मिळवायला पेपरवाला भाडं भरतो ना, तसं लॅपटॉपमध्ये जागा मिळवायला अँटिव्हायरसवाले लॅपटॉप कंपनीला पैसे मोजतात. लॅपटॉपच्या धंद्यात नफा बारीक, त्यामुळे ही भाड्याची रक्कम कंपनीला सोडवत नाही. किती सोडवत नाही त्याची एक गोष्ट सांगते. २००८ साली सोनीने अमेरिकेत आपल्या काही लॅपटॉपांसाठी एक सोय काढली होती. हे भाडेकरू नसलेला कोरा लॅपटॉप हवा असेल तर ५० डॉलर जादा द्या! म्हणजे आधी घरात पाहुणे घुसवायचे आणि मग ते बाहेर काढायची फी घ्यायची. लोकांनी इतकी ओरड केली की कंपनीने ती फी लगेच रद्द केली. पाहुणे मात्र बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपांत आजही येतात.

तुमच्या लॅपटॉपला राखणदार आहेच. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर विंडोजमध्येच असतो. त्याला वेगळे पैसे नाहीत, मुदत नाही. दुसरा अँटिव्हायरस आला की तो आपणहून खुर्ची सोडतो आणि दुसरा गेला की परत येऊन बसतो. म्हणून करायचं ते एवढंच : सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत जाऊन त्या मुदतवाल्याला अनइन्स्टॉल करा आणि लॅपटॉप बंद करून परत चालू करा. काढताना तो विनवण्या करेल. ‘खरंच काढायचं?’, ‘बरं, निम्म्या किमतीत घ्या.’ मंडईत पाठ फिरवली की मेथीचा भाव उतरतो, त्यातलाच प्रकार. मान वळवू नका. नंतर स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ लिहून उघडा. ढालीवर हिरवी खूण दिसली की झालं. नाही दिसली तर नातवाला व्हिडिओ कॉल लावा. विंडोजचे अपडेट मात्र टाळायचे नाहीत, राखणदाराचा रोजचा शिधा त्यातूनच येतो.

मी अँटिव्हायरस विकत घेण्याच्या विरोधात नाही. नव्वदच्या दशकात फ्लॉपी-फ्लॉपीतून व्हायरस फिरत होते तेव्हा विंडोजला स्वतःचा राखणदार नव्हता. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी पुण्यात क्विक हील उभं केलं, ते खऱ्या गरजेवर. पुढे झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला की फोल्डरांचे शॉर्टकट होऊन परत यायचे, तेव्हा मी स्वतः खोकी भरभरून अँटिव्हायरस विकले. आजही ज्यांच्या ऑफिसात दहा मशीन आहेत त्यांनी चांगला पाहून जरूर घ्यावा. पण आपण निवडून घ्यावा, पट्टीने डोळे वटारले म्हणून नव्हे.

एक खात्री तेवढी करा. ती पट्टी क्रोम किंवा एजसारखा ब्राउझर उघडल्यावरच येत असेल, किंवा तिच्यावर फोन नंबर असेल, तर तो तुमचा अँटिव्हायरस नव्हेच. कुठल्या तरी वेबसाइटवर ‘अलाउ’ दाबलं गेलंय आणि ती साइट रोज ओरडतेय. त्या नंबरवर चुकूनही फोन लावू नका. पलीकडचा माणूस गोड बोलून तुमचा लॅपटॉप दुरून ताब्यात घेतो, आणि मग तुमचं बँकेचं काम तो करतो. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सची परवानगी ज्या ज्या साइटला आहे, ती काढून टाका.

आमचं भांड्यांचं दुकान आहे. दिवाळीत लॅपटॉप घेतला, ‘ऑफिस फ्री’ म्हणाले. महिनाभर कोटेशनं, उधारीची यादी सगळं एक्सेलमध्ये केलं. आता फाइल उघडते पण आत काही लिहिता येत नाही. शिवाय ‘जागा भरली’ असा निरोप येतो आणि काही फाइलींवर ढगाचं चित्र आहे. उधारीची यादी गेली की काय?
*– एक दुकानदार, कराड*

यादी गेलेली नाही, दादा. चहा घ्या आणि सावकाश वाचा, कारण तुमच्याकडे एकात एक अडकलेल्या दोन-तीन भानगडी आहेत.

तुम्हाला मिळालं ते मायक्रोसॉफ्ट ३६५, म्हणजे वर्गणीवर चालणारं ऑफिस, महिनाभराच्या चाखणीचं. मुदत संपली की ते फाइल उघडू देतं, वाचू देतं, छापूही देतं, फक्त बदल करू देत नाही. आजचं काम अडलं असेल तर त्याच खात्याने ब्राउझरमध्ये लॉगिन करा, तिथे साधं एक्सेल आणि वर्ड फुकट चालतं. नाहीतर लिब्रेऑफिस उतरवून घ्या. ते कायमचं मोफत आहे, त्यामागे कंपनी नव्हे तर संस्था आहे, आणि तुमच्या एक्सेलच्या फाइली ते उघडतं. माझ्या दुकानाची बिलं मी कित्येक वर्षं त्यातच करते. एक्सेलमध्ये कोणी मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, वगैरे करून दिले असतील तर ते कुरकुरतील. भांड्यांच्या कोटेशनला त्यांचं काम पडत नाही.

आता ढग. पहिल्या दिवशी लॅपटॉप सुरू करताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जाताना एका ठिकाणी तुमचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या गोदामात, न्यायला होकार दिला गेला. तिथे फुकट जागा मिळते पाच जीबी. पाच जीबी म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एका हळदीच्या कार्यक्रमाचे व्हिडिओ. चाखणी चालू होती तोवर जागा मोठी होती. ती संपली, जागा आकसली आणि तुमचं सामान दाराबाहेर आलं. अशा भरलेल्या खात्यात नवीन काही चढत नाही. आउटलुकची मेल त्याच खात्यावर असेल तर तीही अडते. मग तो निरोप म्हणतो, महिन्याला एवढे भरा, सगळं सुरळीत होईल. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, फक्त कोहळा मागायला तो महिन्याने येतो.

ढगाचं चित्र असलेली फाइल लॅपटॉपवर नाही, फक्त तिचं नाव आहे. म्हणून घाईने काहीही डिलीट करू नका. इथून पुसलं तर तिथूनही पुसलं जातं. सगळ्या फाइली निवडा, उजवं बटण दाबून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करा आणि ढगांच्या जागी हिरव्या टिकल्या येईपर्यंत थांबा. इंटरनेट मंद असेल तर रात्रभर लागेल. मग सगळं एका बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवा. त्यानंतरच वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये जाऊन फोल्डरांचा बॅकअप बंद करा. बंद केल्यावर डेस्कटॉप मोकळा दिसेल आणि तुमच्या पोटात गोळा येईल. फाइली वनड्राइव्ह नावाच्या फोल्डरमध्ये असतात, तिथून उचलून परत जागेवर ठेवायच्या. याच टप्प्यावर रडवेल्या आवाजात मला किती फोन येतात ते विचारू नका.

पैसे भरायच्या आधी खरेदीचं बिल काढून बघा. त्यावर ‘ऑफिस होम अँड स्टुडंट २०२१’ किंवा ‘ऑफिस होम २०२४’ असं काही छापलंय का? असेल तर ते एकदाच घ्यायचं, त्या एका मशीनपुरतं कायमचं ऑफिस आहे, आणि त्याचे पैसे तुम्ही लॅपटॉपच्या किमतीत भरून बसलाय. फक्त ते तुमच्या खात्याला जोडून घ्यावं लागतं, तेही सहसा लॅपटॉप सुरू केल्यापासून सहा महिन्यांच्या आत. न जोडलेलं ऑफिस आत पडून असताना चाखणीवाल्याचं वर्षाचं पॅकेज घेतलेले निदान चारजण गेल्या वर्षी माझ्याकडे आले. दोन्ही एकाच चिन्हाचे वर्ड-एक्सेल, माणसाला कळणार कसं?

आणि शेवटचं, जे तुम्ही विचारलेलं नाही. लॅपटॉप सुरू करताना खातं कोणाचं घातलं? तुमचं, की दुकानातल्या पोराचं? गणपतीच्या आधी एक गृहस्थ आले. कंपनीचा एक अपडेट झाला आणि लॅपटॉप निळ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागायला लागला. नव्या लॅपटॉपांत हार्डडिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली जाते पहिल्यांदा घातलेल्या खात्यात. यांचं खातं विकणाऱ्या दुकानातल्या मुलाने ‘पटकन चालू करून देतो’ म्हणत स्वतःच्या मेलवर केलं होतं. मुलगा नोकरी सोडून गेलेला. तीन दिवसांनी सापडला, तर त्याला पासवर्ड आठवेना, जुना मोबाइल नंबरही बंद. शेवटी डिस्क पुसावी लागली. नातीच्या बारशापासूनचे फोटो होते त्यात, दुसरी प्रत कुठेही नाही.

म्हणून तुम्ही आजच सेटिंग्जमध्ये वर कोणाचं नाव आणि मेल दिसतो ते पाहा. तुमचंच खातं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवर लॉगिन करून ‘डिव्हाइसेस’मधली ती किल्ली कागदावर छापून घ्या आणि रेशनकार्डाच्या फायलीत ठेवा. दुसऱ्याचं असेल तर लॅपटॉप घेऊन सरळ कोणा जाणत्याकडे जा, फाइली आधी बाहेर काढून मगच खातं बदला.

लॅपटॉपवर बॅग आणि माऊस मोफत. आणखी ९९९ रुपये दिले तर ४९९९ रुपयांचा ‘ॲक्सेसरी आणि सॉफ्टवेअर संच’ मिळतोय. घ्यावा का?
*– एक गृहिणी, बार्शी*

बॅग घ्या, माऊस घ्या. संचाची यादी लिहून मागा. दोन हेडफोन, एक साफ करायचं फडकं आणि तीन मुदतवाल्या सॉफ्टवेअरची कूपनं, असंच निघतं बहुधा. ४९९९ हा आकडा त्या कूपनांवर छापलेल्या किमतींची बेरीज असते, आणि त्या किमतीला ती कोणी घेत नाही. त्यापेक्षा ते ९९९ रुपये आणि वर थोडे घालून एक बाहेरची डिस्क घ्या. का, ते वरच्या उत्तरात वाचलंत.

असेंबल्ड पीसी घेतला. दुकानदाराने फोटोशॉप, ऑफिस, सगळं फ्री टाकून दिलं. फक्त ‘अपडेट करू नका, डिफेंडर चालू करू नका’ असं बजावलंय. लग्नाचे अल्बम करतो. चालू ठेवलं तर काही बिघडेल का?
*– फोटो स्टुडिओ, फलटण*

राखणदाराला बांधून ठेवा असं जो सांगतो, तो घरात काय ठेवून गेलाय याचा विचार करा.

हे फुकट नाही, हा चोरीचा माल आहे. मी साळसूदपणे बोलत नाही. दुकान टाकलं तेव्हा पहिली तीन-चार वर्षं मीही हेच केलं. पाच सॉफ्टवेअरची एक सीडी असायची, गिऱ्हाईक खूश, आणि शेजारचा देतो तर मी का नको? एका गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये त्या ‘क्रॅक’बरोबर, म्हणजे सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणाऱ्या तुकड्याबरोबर, आलेल्या प्रोग्रॅमने सगळ्या फाइली कुलूपबंद करून डॉलरमध्ये खंडणी मागितली. त्या दिवशी मी ती सीडी मोडली. क्रॅक चालायचा तर डिफेंडर बंद लागतो, आणि एकदा तो बंद झाला की क्रॅकच्या पोटातून आणखी काय उतरलं ते तपासायला कोणीच उरत नाही. तुमच्या मशीनवर दुसऱ्यांच्या लग्नाचे फोटो आहेत. ते लग्न परत लागणार नाही.

कायदाही सांगून ठेवते. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ ब. प्रोग्रॅमची चोरटी प्रत आहे हे माहीत असून वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. घरगुती वापराला कोर्ट सूट देऊ शकतं, पण तुमचा धंदा आहे.

मग करायचं काय? गिंप हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, खरोखरच. पण ज्याचा हात वीस वर्षं फोटोशॉपवर बसलाय त्याला ऐन तुळशीच्या लग्नानंतरच्या धांदलीत गिंप शिक म्हणणं म्हणजे शिवणाऱ्या बाईला सणाच्या आदल्या दिवशी नवी मशीन देणं आहे. धंद्याचं हत्यार आहे, तर महिन्याच्या भाड्याने खरं घ्या आणि अल्बमच्या दरात धरा. रंग-उजेडाच्या कामासाठी आधी तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीची साइट बघा. कॅनन आणि निकॉन दोघेही आपल्या कॅमेऱ्यांच्या रॉ, म्हणजे कच्च्या, फोटोंसाठी स्वतःचं सॉफ्टवेअर मोफत देतात, ना महिन्याची मुदत ना तांबडी पट्टी. फुकट सगळंच वाईट नसतं, हेही आज म्हणून ठेवते.

मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. लॅपटॉपबरोबर गेमची तीन महिन्यांची वर्गणी फ्री होती. कार्ड मागितलं म्हणून बाबांचं घातलं. चौथ्या महिन्यात पैसे कापले गेले. परत मिळतील? आणि बाबांना सांगू का?
*– एक विद्यार्थी, मूळ गाव सोलापूर*

बाबांना आजच सांग. त्यांना तसंही कळलंय. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२१ पासून असे आपोआप कापायचे पैसे असले की निदान चोवीस तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. तो निरोप बाबांच्या मोबाइलवर आलाच असणार, गॅसच्या आणि विम्याच्या निरोपांखाली दबला असेल एवढंच. पंधरा हजारांपर्यंतच्या अशा वर्गणीला पहिल्यांदा मंजुरी दिली की पुढे दरवेळी ओटीपी लागत नाही. ती पहिली मंजुरी, बाळा, तू त्यांच्या नावाने दिलीस.

आता लगेच त्या खात्यात जाऊन आपोआप नूतनीकरण बंद कर आणि पैसे परत मागणारा अर्ज तिथेच कर. पहिल्या काही दिवसांत मागितले तर पुष्कळदा देतात. बाबांच्या बँकेच्या ॲपमध्ये त्या कार्डावरचे चालू हुकूम दिसतात, तिथूनही तो रद्द करता येतो. रद्द करायचं बटणच सापडत नसेल तर तो तुझा वेंधळेपणा नव्हे. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकांना फसवणाऱ्या अशा तेरा क्लृप्त्यांवर बंदीची नियमावली काढली. वर्गणीत शिरणं सोपं आणि निघणं अवघड करून ठेवणं ही त्यातलीच एक. कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन कर.

पुढच्या वेळी चाखणी सुरू केलीस की त्याच दिवशी नूतनीकरण बंद करून टाक. बहुतेक ठिकाणी मुदत पुरी होईपर्यंत गेम चालूच राहतो. एखाददुसरी कंपनी तिथल्या तिथे बंद करते, म्हणून तिथलं वाक्य वाच. ते जमत नसेल तर मुदत संपायच्या तीन दिवस आधीची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिही, दूधवाल्याचे खाडे लिहितात तिथे. मोबाइलमधलं स्मरण तू ‘नंतर’ करशील.

नवा लॅपटॉप आणल्या आणल्या सगळं पुसून कोरं विंडोज टाकलं तर?
*– एक वाचक, चिपळूण*

चांगला विचार आहे आणि त्याला आधारही आहे. लेनोव्होच्या काही लॅपटॉपांत २०१४ मध्ये सुपरफिश नावाचा जाहिराती दाखवणारा पाहुणा आला होता. त्याने विंडोजमध्ये साइट खरी असल्याची ग्वाही देणारं स्वतःचं बनावट प्रमाणपत्र बसवलं, त्यामुळे बँकेच्या साइटवरच्या कुलपाचाही भरवसा राहिला नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये बोभाटा झाला, कंपनीला ते काढावं लागलं आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करावी लागली.

पण लॅपटॉपमधलंच ‘रीसेट’ वापरलंत तर कंपनीची तीच वरात पुन्हा आत येऊ शकते. कोरं विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेनड्राइव्ह तयार करून टाकावं लागतं. विंडोजची किल्ली मदरबोर्डातच असते, ती जात नाही. बिलावरचं कायमचं ऑफिस मात्र आधी खात्याला जोडून घ्या. ज्याला हे जमत नाही त्याने अनइन्स्टॉल करून भागवावं, तेवढ्याने पंचाण्णव टक्के पीडा जाते.

काढताना कंपनीचं एक ॲप ठेवा, ज्यात बायोसचे, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मुळातल्या प्रोग्रॅमचे, अपडेट आणि बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते ते. एका कॉलेजच्या सरांचा लॅपटॉप साफ करताना मी उत्साहात तेही उडवलं. लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावलेलाच, बॅटरी शंभरावर शिजायला लागली. ते ॲप नेमकं कोणतं, हे शोधून परत टाकण्यात माझी दुपार गेली, आणि सरांकडून त्या दिवशीचे पैसे घ्यायची माझी हिंमत झाली नाही.